निघणारी कॅप

इम्प्लांटवर कॅप बसवून घेणारा पेशंट हमखास विचारतो, "डॉक्टर, आता ही कधी निघणार नाही ना?" मी म्हणतो, निघायलाच हवी, फक्त माझ्या हातून, जेवताना नाही. हे उत्तर फारसं कुणाला रुचत नाही. पण अशी काढता येणारी कॅप म्हणजे स्क्रूने बसवलेली, सिमेंटने चिकटवलेली नव्हे.

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटेनियमची इम्प्लांटं बसवली. त्यांच्या पद्धतीत इम्प्लांटवरचे दात स्क्रूनेच धरलेले असत. सिमेंटचा जोर नंतर वाढला. साध्या दातावर कॅप चिकटवायची सवय आम्हा डॉक्टरांच्या हातात होतीच, शिवाय स्क्रूचं भोक दिसत नाही. पण कॅप दाबली की जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सरकतं. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू शिरलेले असतात, ते सिमेंटला अडवतात. इम्प्लांटच्या धातूत तंतू शिरत नाहीत, सिमेंट खोल उतरतं. काही सिमेंटं एक्स-रेतही दिसत नाहीत. कधी कधी काही वर्षांनी हिरडी सुजते, पू येतो, हाड झिजू लागतं.

म्हणून दाढेला मी शक्यतो स्क्रूच वापरतो. तोही नुसता जोर लावून पिळायचा नसतो. नेमक्या टॉर्कला, म्हणजे मोजून दिलेल्या पिळाला, स्क्रू किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच कॅप इम्प्लांटवर दाबून धरली जाते. बऱ्याच कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर सांगतात. टॉर्क रेंच तिथपर्यंत नेऊन मी दहा मिनिटं थांबतो, कारण धातूच्या पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दबतात आणि थोडा ताण उतरतो. तेवढ्यात पेशंटच्या नातवंडांची चौकशी होते. मग पुन्हा तेवढाच टॉर्क. भोकात टेफ्लॉन टेप ठासायची, निर्जंतुक केलेली. प्लंबर नळाला गुंडाळतो तीच पांढरी टेप. वर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. पूर्वी इथे कापूस भरत. तो काढताना येणारा वास ज्यानं घेतलाय, त्याला टेपचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या दाताची गोष्ट वेगळी. तिथलं हाड तिरकं असतं, त्यामुळे भोक नेमकं दर्शनी बाजूला येऊ शकतं. तिरप्या वाटेचे स्क्रू आता मिळतात, पण सगळीकडे जमत नाहीत. मग सिमेंट वापरावं, पण अगदी थोडं, आणि कॅपची कड पुसता येईल इतकी वर ठेवून.

कॅप हलली की लोक घाबरतात. बहुतेक वेळा इम्प्लांट ठीक असतं, स्क्रू सैल झालेला असतो. "बघू पुढच्या महिन्यात" म्हटलं, तर तो तुटू शकतो आणि तुटका तुकडा काढणं फार जिकिरीचं काम. तेव्हा हललं की लगेच या. आणि इम्प्लांटची कंपनी, त्याचं माप, कॅप स्क्रूची की सिमेंटची, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. प्रत्येक कंपनीचा स्क्रू-ड्रायव्हर वेगळा असू शकतो.