जुन्या पत्त्यावरचे आवाज

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना पहिला अडथळा 'ळ'चा. उर्दूत हा वर्णच नाही, त्यामुळे 'शाळा'ची 'शाला' होते. म्हणून काही वर्षांपूर्वी मी धडे मोबाईलवर वाचून एका छोट्या संकेतस्थळावर टाकू लागलो. त्यातले काही अब्बांच्या आवाजात आहेत. त्यांचा 'ळ' माझ्यापेक्षा चांगला होता. आता ते नाहीत.

जुन्या सर्व्हरची मुदत संपत आली म्हणून नवा घेतला. लेख आले, डेटाबेस आला. ऑडिओ फाइली मात्र निम्म्यावर अडकल्या. नवं संकेतस्थळ सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी एका पालकांचा निरोप आला, "सर, धडा लागत नाही." पाहिलं तर ४०४.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामू, पुराना सर्वर अभी बंद मत करना."

मला आधी रिडायरेक्ट सुचलं. म्हणजे ब्राउझरलाच जुन्या पत्त्यावर पाठवायचं. पण जुन्या सर्व्हरवर एचटीटीपीएस नव्हतं, आणि सुरक्षित पानावर असुरक्षित ठिकाणचा आवाज आजचे ब्राउझर वाजवू देत नाहीत. मग प्रॉक्सी. एनजिनएक्सच्या 'ट्राय फाइल्स'ला सांगायचं : आधी स्वतःच्या डिस्कवर बघ, नसेल तर जुन्याकडून आणून दे. ऐकणाऱ्याला कळतही नाही.

पहिल्यांदा मी 'प्रॉक्सी पास'मध्ये संकेतस्थळाचं नाव लिहिलं. पण ते नाव आता नव्या सर्व्हरकडे वळलेलं! बिचारा स्वतःचंच दार ठोठावत बसला. मग जुन्याचा आयपी क्रमांक दिला आणि 'होस्ट' हेडरमध्ये संकेतस्थळाचं नाव. त्या एका आयपीवर अनेक संकेतस्थळं होती. नुसता इमारतीचा पत्ता सांगून भागत नाही, कोणाकडे जायचं तेही सांगावं लागतं.

भाच्याने आणखी एक ओळ सुचवली, 'प्रॉक्सी स्टोअर'. आणलेली फाइल नव्या डिस्कवर राहते, पुढच्या वेळी जुन्याकडे जावं लागत नाही. तरी काही साठेना. ब्राउझर ऑडिओ तुकड्याने मागतो आणि तुकडा साठवला जात नाही. पुढे पाठवताना 'रेंज' हेडर रिकामं केलं, तेव्हा पूर्ण फाइली येऊ लागल्या.

पुढचे काही दिवस मुलांनीच सामान हलवलं म्हणा ना. जो धडा ऐकला तो नव्या घरात आला. 'ळ'चा धडा सगळ्यांत आधी.

जुना सर्व्हर बंद करण्याच्या आधी दोन्हीकडच्या याद्या ताडून पाहिल्या. जुन्याकडेच राहिलेल्या फाइलींत अब्बांच्या जवळजवळ सगळ्या होत्या. मुलांचं काही चुकलं नव्हतं. त्या परीक्षेच्या धड्यांच्या नव्हत्याच, अब्बांनी हौसेनं वाचलेल्या गोष्टी होत्या. पण मीही तर त्या इतक्या दिवसांत एकदाही मागितल्या नव्हत्या. सर्व्हर मागेल तेवढंच आणतो.

एका कमांडने त्या उचलता आल्या असत्या. त्या रात्री इशाची नमाज झाल्यावर मी एकेक फाइल उघडत बसलो. एका गोष्टीत मधेच अब्बा थांबतात, खोकतात आणि मला म्हणतात, "हे काढून टाक रे." मी तेव्हा काढलं नव्हतं. आताही काढलं नाही.

सगळ्या आल्यावरच जुना सर्व्हर बंद केला.