दोन छऱ्यांचा हिशेब

नाशिकच्या रविवार कारंजाजवळ घाऊक किराणा दुकान असलेल्या एका शेठजींकडे १९९१ सालची हीरो होंडा सीडी १०० होती. १९८५ मध्ये ही मोटारसायकल बाजारात आली, तेव्हा तिच्या कमी पेट्रोल खाण्याने व्यापारी वर्गाला भुरळ घातली होती. शेठजींनीही याच हिशेबाने ती घेतली. उधारीची वसुली, बँकेतील भरणा, पंचवटीतील गिऱ्हाइकांकडे नमुने पोहोचविणे, या सर्व कामांत ती तीस वर्षांहून अधिक काळ राबली. पुढे गुडघे दुखू लागल्यावर शेठजी स्कूटरवर बसू लागले आणि मोटारसायकल दुकानातील माणसाच्या हाती गेली.

हा माणूस पेठ तालुक्यातला. वीस वर्षे इमानाने नोकरी केलेला. एके दिवशी संकोचाने म्हणाला, "शेठ, गाडी विकायची असेल तर मलाच द्या. गावी जायला होईल." नऊ हजार रुपये ठरले. पगारातून हप्ते कापावयाचे, असेही ठरले. पेठ रस्त्यावरील आरटीओ कार्यालयात नाव बदलण्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे अर्जही भरून झाले.

सह्या करण्यापूर्वी शेठजींनी बऱ्याच वर्षांनी ती गाडी सीबीएसपर्यंत चालवून पाहिली. सरळ रेषेत हँडल जणू एका खाचेत बसत होते. वळविताना किंचित जोर लावावा लागे. पुढचा ब्रेक दाबला की खट् असा आवाज येई. वळणावर मागचे चाक डुलल्यासारखे वाटे. घरी हा विषय निघाला तेव्हा मुलगा म्हणाला, "पप्पा, जुनी गाडी आहे. भाव त्याच हिशेबाने लावला आहे. दुरुस्तीचा खर्च आता आपण का करायचा?"

मुलाचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. जुन्या वस्तूचा सौदा 'जशी आहे तशी' होतो. तरीही ज्या दोषाची आपल्याला माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही, तो त्या शब्दांत बसतो काय, हा प्रश्न शेठजींना रात्रभर छळत राहिला. सकाळी ते गाडी घेऊन भद्रकालीतील एका जुन्या मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीने गाडी मधल्या स्टँडवर लावली आणि पोराला मागे दाबून धरायला सांगितले. पुढचे चाक अधांतरी झाले. बोटाने हँडल फिरविले, तर ते मध्यावर अडकले. मग त्याने पुढच्या शॉकअपचे खालचे टोक धरून मागेपुढे ओढले. डोक्यात टक् टक् वाजले. "कोनसेट गेला," तो म्हणाला. नंतर मागचे टायर न धरता चिमटाच हातात धरून आडवा हलविला. टायर धरले तर खेळ चाकाच्या बेअरिंगचा की चिमट्याच्या बुशचा, हे कळत नाही. खेळ चिमट्यातच होता.

शेठजींनी कारण विचारले. चाकाच्या बेअरिंगमधील छर्रे अखंड फिरतात, म्हणून सर्व बाजूंनी सारखे झिजतात. हँडलचे छर्रे मात्र थोड्याच अंशांत मागेपुढे होतात, आणि गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. प्रत्येक खड्ड्याचा दणका त्याच जागी बसतो. कालांतराने कपात छऱ्यांच्या आकाराचे खळगे पडतात. भार जास्त असल्याने खालचा कप आधी खराब होतो. अशा कपात नवे छर्रे घालून भागत नाही. संपूर्ण संचच बदलावा लागतो.

चाक, मडगार्ड, शॉकअप, हँडल उतरले. खाली परात ठेवून मिस्त्रीने वरचा नट सोडला. काळ्या, सुकलेल्या ग्रीसमध्ये लडबडलेले छर्रे परातीत पडले. त्याने वरचे आणि खालचे वेगळे ठेवून मोजले आणि कंपनीच्या पुस्तिकेशी ताळा घेतला. वरचे बरोबर होते. खालचे दोन कमी निघाले.

"शेठ, हा आधी कोणीतरी खोललाय," मिस्त्री म्हणाला.

शेठजी काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी माळ्यावरून जुने रोजमेळ काढले. नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याच अक्षरात नोंद होती: 'गाडी दुरुस्ती, ग्रीस, रु. १२०'. सारे आठवले. तेव्हाही हँडल अडकत होते. तेव्हाच्या कारागिराने नवा सेट सुचविला होता. शेठजी म्हणाले होते, "धुऊन ग्रीस भर, संध्याकाळी गाडी पाहिजे." हरवलेले छर्रे कोणाच्या हातून गेले, हे आता सांगता येणार नव्हते. घाई मात्र कोणाची होती, हे रोजमेळात लिहिलेले होते.

दुसऱ्या दिवशी काम पूर्ण झाले. जुने कप आतून सळईने एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोकून काढले. नवे तिरके न होऊ देता बसविले. कप तळाला टेकला की हातोडीचा आवाज बदलतो, तो मिस्त्री कान देऊन ऐकत होता. नव्या ग्रीसमध्ये छर्रे मोजून लावले. नट प्रथम घट्ट करून, हँडल चार वेळा फिरवून, मग किंचित सैल केला. हलकासा धक्का दिल्यावर हँडल आपोआप दोन्ही बाजूंना कलंडावे आणि तरीही खेळ राहू नये, ही खूण.

चिमट्याचा बोल्ट गंजून बुशच्या नळीत अडकला होता. रात्रभर डिझेल मुरवून, आटे वाचविण्यासाठी टोकाला नट ठेवून तो ठोकून काढला. बुशचे रबर भेगाळले होते. पकडीच्या शिकंजात नवे बुश दाबून बसविले. शेवटचा नट मात्र गाडी चाकांवर उभी करून, तिच्यावर वजन असताना आवळला. अधांतरी आवळला तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर तुटते. "पाचशे किलोमीटरनंतर कोनसेट पुन्हा दाखवा, नवा सेट थोडा बसतो," असे त्याने बजावले.

खर्च शेठजींनी आपल्या नावे टाकला. ठरलेला भाव बदलला नाही. संध्याकाळी माणसाच्या हाती किल्ली दिली. तो गोदाघाटापर्यंत जाऊन आला. चेहरा खुलला होता.

"शेठ, हँडल किती हलकं झालं! आधी वळणावर फार ओढावं लागायचं."

शेठजी चमकले. "तुला ठाऊक होतं?"

"चार-पाच वर्षं. घाटात जरा जपून चालवायचो. बायको मागं असली की आणखी हळू."

"मग कधी बोलला का नाहीस?"

तो क्षणभर घुटमळला. "गाडी तुमची होती, शेठ. तुम्हाला ठाऊकच असेल, असं वाटलं."

शेठजींनी गल्ल्याशेजारची खुर्ची पुढे ओढून त्याला बसायला सांगितले. मग नऊ वर्षांपूर्वीचा तो रोजमेळ उघडून ती ओळ त्याला स्वतः वाचून दाखविली.