कट्यार नाकाबंदीत

२४ डिसेंबरला लोणावळ्यात हौसेने पाऊल ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फारसा आदर नाही. यंदा त्या दिवशी सकाळी मी स्वतः तिथे होतो, पण माझं कारण वेगळं होतं. जितेंद्र अभिषेकी लोणावळ्यात राहत आणि शिष्यांना घरात ठेवून घेऊन गुरुकुल पद्धतीने शिकवत. ज्या नाटकासाठी मी सोमाटण्याला मावसबहिणीकडे उतरलो होतो त्याचं संगीत त्यांचंच. म्हणून वाटलं, बुवा ज्या हवेत सकाळचा रियाज करायला बसवत ती हवा तरी घेऊन यावी.

हवा मिळाली नाही, धूर मिळाला. मुंबईच्या गाड्यांची रांग बाजारातून हलत नव्हती आणि चिक्कीच्या प्रत्येक दुकानावर कापसाची दाढी लावलेला एकेक सांताक्लॉज बसवलेला होता. अशाच एका दुकानात लाल टोपी घालून चिक्कीच्या वड्या पाडणाऱ्या पोराला मी विचारलं, "अभिषेकीबुवांचं घर कुठल्या बाजूला होतं, ठाऊक आहे?" त्याने सुरी न थांबवता उत्तर दिलं, "अभिषेक सकाळीच होतो काका. आता देऊळ बंद असंल." मी पाव किलो शेंगदाण्याची चिक्की घेतली. मला ती आवडत नाही, दाताला चिकटते. मिळाली ती पहिली लोकल धरून घोरावाडीला उतरलो.

नाटक म्हणजे 'कट्यार काळजात घुसली'. तारखेमागेही कारण होतं. नाट्यसंपदेने या नाटकाचा पहिला प्रयोग केला तो २४ डिसेंबर १९६७ रोजी, ऐन नाताळच्या आदल्या दिवशी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकींचं संगीत, प्रभाकर पणशीकरांची निर्मिती, आणि खाँसाहेबांच्या कामाला वसंतराव देशपांडे. तळेगावातल्या एका हौशी मंडळाने हा दिवस हेरून शाळेच्या हॉलात प्रयोग लावला होता. तळेगावला नाटकाचं वेड नवं नाही. कलापिनीसारखी संस्था तिथे गेली कित्येक वर्षं उभी आहे, आणि गोनीदांसारखा माणूस ज्या गावात राहिला तिथे शब्दाला कान असणारच. हे मंडळ मात्र अगदीच घरगुती. पडदा ओढणारा, तिकिटं फाडणारा आणि मध्यंतरात बटाटेवडे विकणारा माणूस एकच.

त्यांचा हाच प्रयोग मी मागे एकदा पाहिलेला होता. त्यात खाँसाहेब होते अण्णा. देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेला, सहा फुटी, पडघमासारखा आवाज असलेला माणूस. त्यांचं गाणं शास्त्राला धरून किती होतं ते जाणकार सांगतील. पण ते रंगमंचावर आले की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल खिशात घालत, हे मी पाहिलेलं आहे. यंदा दुपारी जेवताना भावजी म्हणाले, "अण्णा यंदा पंडितजी झालेत बरं का. खाँसाहेब नवा आहे." माझा घास हातातच राहिला.

नटसंच बदललेला मला खपत नाही, हा माझा जुना दुर्गुण. 'कट्यार'च्या बाबतीत तर तो अधिकच. वसंतरावांना मी रंगमंचावर पाहिलेलं नाही. ३० जुलै १९८३ ला ते गेले. पण त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून खाँसाहेब म्हणजे तोच आवाज हे डोक्यात घट्ट बसलंय. २०१० मध्ये त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी नाटक पुन्हा उभं केलं तेव्हाही मी तोंड वाकडं करून गेलो होतो. सदाशिव झालेले महेश काळे हे अभिषेकींचे शिष्य. म्हणजे रंगमंचावर एक नातू आणि एक शिष्य, दोन्ही घरांतला ऐवज पुढच्या पिढीच्या हातात. तो प्रयोग मला आवडला आणि आवडल्याचा थोडा रागही आला. २०१५ चा चित्रपट मी टाळलाच होता. पुढे टीव्हीवर लागला तेव्हा उभ्याने पाहिला.

तर नवा खाँसाहेब. पवन मावळातल्या एका गावचा पंचविशीतला मुलगा, गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला. व्हॅलेंटाइनच्या फुलांसाठी डिसेंबरात छाटणी चालते, ती उरकून तो थेट रंगायला बसला होता. मी पुढून दुसऱ्या रांगेत होतो. त्याने पहिला हात उचलला तेव्हा बोटांतल्या खोट्या पाचूच्या अंगठ्यांच्या आगेमागे काट्यांचे ताजे ओरखडे दिसले. रंगभूषेचा लेप मनगटापाशी संपला होता आणि ओरखडे कोपरापर्यंत गेले होते. बरेलीहून आलेल्या खानदानी गवयाचा हा हात! मी मनातल्या मनात पहिला गुण कापला.

गळा भजनी मंडळातला. पखवाजावर वाढलेला, समेवर येताना मान झटकून ठसका देणारा. उर्दू शब्दांचं तर त्याने पार मावळी केलं होतं. पण आवाज असा उघडा आणि निधड्या छातीचा की ध्वनिक्षेपकाची गरज भासू नये. दुसऱ्या पदात त्याने तान घेतली आणि मागून, बहुधा त्याच्याच गावच्या बाकांवरून, कुणीतरी ओरडलं, "माउली!" आफताब हुसेन बरेलीवाल्यांना माउलीची दाद पहिल्यांदाच मिळत असेल. हॉल हसला. मुलगा हसला नाही. त्याने तीच तान पुन्हा घेतली, पहिलीपेक्षा मोठी.

आणि अण्णा. शेंदूर चारून ज्यांचा आवाज घालवलेला आहे ते पंडितजी. भ्रमराचं पद नाटकात दोन घराण्यांच्या दोन चालींनी येतं. एके काळी त्यातली झपाट्याची चाल अण्णांची होती, आता संथ चाल त्यांच्याकडे आली होती. वरच्या स्वरापाशी ते जरा आधीच वळले. ते मला जाणवलं. शेजारच्या बाईंनाही जाणवलं असावं, त्यांनी विणकाम थांबवलं.

प्रयोग संपायला एक वाजला. वन्समोअर घेणारे गावचे आणि देणारेही गावचे, त्यामुळे कुणालाच घाई नव्हती. भावजी पेंगत होते म्हणून गाडी मी घेतली. अण्णा सोमाटण्यात आमच्या पलीकडच्या आळीत राहतात. ते मागे बसले, आणि मंडळाचं सामान त्यांच्याकडेच असतं म्हणून तीही पिशवी मागे आली. गंध तसंच, काजळ तसंच, आणि चिकटवलेली मिशी एका बाजूने सुटलेली. "घरी खोबरेल लावून काढतो," म्हणाले, "ओढली तर कातडं येतं."

सोमाटण्याचा टोलनाका हा इथल्या माणसांच्या भांडणाचा कायमचा विषय आहे. त्या रात्री त्याच्या अलीकडे नाकाबंदी होती. नाताळची रात्र, दारू पिऊन चालवणाऱ्यांची तपासणी. आमच्यापुढे चार-पाच गाड्या, त्यातल्या एकीत लाल टोप्या घातलेली कॉलेजची पोरं. थंडी अशी की हवालदाराने कानटोपीवर आपली टोपी चढवली होती.

काच खाली केली. "कुठनं आला?"

"नाटकाहून."

"ह्या टायमाला?"

"संगीत नाटक आहे," भावजी झोपेतून म्हणाले. त्यांना ते पुरेसं कारण वाटलं.

बॅटरीचा झोत मागे गेला. अण्णांच्या कपाळावरच्या गंधावरून मिशीवर, मिशीवरून पिशवीवर, आणि पिशवीतून बाहेर आलेल्या मुठीवर येऊन थांबला.

"ती वस्तू काय आहे?"

"कट्यार," अण्णा म्हणाले. आवाज पंडितजींचाच, अजून उतरला नव्हता.

"कशाला बाळगता?"

"हिच्यावर एक खून माफ आहे."

माझ्या पोटात गोळा आला. भावजी खडबडून जागे झाले. हवालदार मात्र शांतपणे म्हणाला, "कुणी केला माफ?"

"विश्रामपूरच्या महाराजांनी."

"साहेब," हवालदाराने मान वळवून हाक मारली, "जरा इकडं या."

फौजदार आले. तरुण, चष्मा लावलेले, कंटाळलेले. त्यांनी कट्यार हातात घेतली, वजन पाहिलं, पात्यावरून अंगठा फिरवला. सोनेरी कागद अंगठ्याला चिकटून निघाला. त्याच्या आत तेलाच्या डब्याचा पत्रा. बॅटरीच्या उजेडात आम्ही सगळ्यांनीच वाचलं : निव्वळ वजन १५ किलो.

"हां, ते कट्यार काळजात!" फौजदारांचा चेहरा उजळला. "सचिनचं पिक्चर."

अण्णा गाडीतून उतरले. अशा वेळी मागे बसलेल्या माणसाने उतरू नये, पण ते उतरले. "सचिन नंतर," ते म्हणाले. "आणि गळा सचिनचा नाही, राहुल देशपांड्यांचा. राहुल कोण? वसंतरावांचा नातू. वसंतराव आधी."

"वसंतराव कोण?"

पुढची पाच-सात मिनिटं, मागे हॉर्न वाजत असताना, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर १९६७ पासूनचा नटसंच उभा राहिला. पंडितजी भार्गवराम आचरेकर, सदाशिव प्रसाद सावकार, झरीना फैयाज. अण्णा प्रत्येक नावाला एकेक बोट दुमडत होते आणि फौजदार त्या बोटांकडे बघत होते. भावजी मला कोपराने ढोसत होते. मी काय करणार? मलाही ऐकायचं होतं.

"मग एक होऊन जाऊ द्या," फौजदार म्हणाले.

"आवाज गेलाय."

"नाटकात का खरंच?"

अण्णा हसले. सुटलेली मिशी हलली. "दोन्हीकडं."

फौजदारांना काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी कामाचं पाहिलं. हवालदाराने यंत्र माझ्या तोंडापुढे धरलं. मी फुंकलं. "लांब फुंका काका, हे मोजत नाय." मी पुन्हा फुंकलं. यंत्र गप्प.

"छातीनं फुंकताय तुम्ही," अण्णा मागून म्हणाले. "पोटानं घ्या. खांदे उचलू नका." आणि त्यांनी माझ्या बरगडीखाली चक्क हात ठेवला. "हां, आता सोडा. सोडा म्हणजे ढकलू नका." यंत्राने पीक केलं. शून्य. हवालदाराने मान डोलावली, यंत्राला की मला ते कळलं नाही.

"मी बघू?" अण्णांनी विचारलं.

चालकाखेरीज कुणी फुंकायचं नसतं, पण रात्र मोठी होती आणि हवालदाराने नवी नळी बसवली. अण्णांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि सोडायला सुरुवात केली. यंत्र कधीच वाजून मोकळं झालं, श्वास चालूच. हवालदाराने आधी यंत्राकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. तपासणी होऊन बाजूला लावलेल्या गाडीतली लाल टोपीवाली पोरं खाली उतरून बघायला आली. त्यांच्यातला एक मोबाइल धरून मोजायला लागला. अण्णांच्या मानेची शीर टच्च फुगली होती, खांदे मात्र तसूभर हलले नव्हते. शेवटी फौजदारच म्हणाले, "बास, अण्णा, बास." ते नाव त्यांनी भावजींच्या तोंडून उचललं असणार.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने अण्णांबरोबर फोटो काढला. लाल टोपी आणि गंध, शेजारी शेजारी.

फाट्यावर भुर्जीची गाडी उघडी होती. पंडितजींनी तीन अंड्यांची भुर्जी सांगितली, हिरवी मिरची जास्त. आता गळा सांभाळायचं कारण नव्हतं. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "दम आहे हो. पण वरच्या पंचमाकडे जाताना आवाज तुटतो. खाँसाहेबांना तुटून चालत नाही. पंडितजींना तुटलेलाच लागतो." मग पावाने तवा पुसल्यासारखी ताटली पुसत त्या पोराबद्दल बोलत राहिले. पावसाळाभर तो संध्याकाळी मोटारसायकलवरून यायचा, अण्णांनी सगळी पदं बसवून घेतली. भजनातला ठसका काढून टाकायला महिने घालवले. निघेना. "शेवटी म्हटलं, राहू दे. बरेलीच्या माणसाला विठ्ठल वर्ज्य आहे असं कुठं लिहिलंय?"

हे मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. खाँसाहेबांना मान झटकू देता कामा नये. मी तसं बोललोही. अण्णांनी मिरची चावली आणि "रामकृष्णहरी" म्हणाले.

नाताळच्या दिवशी घोरवडेश्वराच्या पायऱ्या चढलो, वर तुकोबांचं नाव घेणारी बरीच मंडळी भेटली आणि गुडघे दुखले. त्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही.

निघायच्या सकाळी अण्णा आले. मिशीच्या जागी ओठावर लाल पट्टा, कातडं आलंच होतं. हातात कट्यार. नवा सोनेरी कागद लावायला ताईच्या घरी चांगली कात्री आहे म्हणून आले होते. कागद कापता कापता म्हणाले, मे महिन्यात कामशेतला प्रयोग ठरतोय, दरबारात उभं राहायला माणसं कमी पडतात, मुंबईहून याल का? संवाद नाही, फक्त मुंडासं बांधून "वाहवा" म्हणायचं.

"कुणाला वाहवा?" मी विचारलं.

"खाँसाहेबांना."

ताई स्वयंपाकघरातून मोठ्यांदा हसली. मी सुट्टीचं बघून कळवतो म्हणालो. अण्णांनी डोक्याचा घेर मोजायला दोरी काढली.