सगळ्या साइट्स गायब

कोबाल्ट रॅक म्हणजे लिनक्स न येणाऱ्यांसाठी बनवलेला लिनक्स सर्व्हर. पावणेदोन इंच उंचीचा डबा, पुढे छोटी एलसीडी, शेजारी बाणांची बटणं. ती दाबून आयपी पत्ता भरला की बाकी सगळं ब्राउझरमधून: साइट उघडा, ईमेल खाती द्या, बॅकअप घ्या. ना मॉनिटर, ना कीबोर्ड. पुण्यातल्या छोट्या होस्टिंगवाल्यांकडचे असे डबे मी सांभाळायचो. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली सुमारे दोन अब्ज डॉलरला कोबाल्ट कंपनी विकत घेतली आणि २००३ मध्ये ही मालिका गुंडाळायला घेतली. डबे मात्र चालूच होते, आणि त्यांच्यावर कुणाकुणाची दुकानं.

मग वापरणाऱ्यांनीच अडचणींवरच्या उत्तरांचा ऑनलाइन माहितीसंग्रह उभा करायचं ठरवलं. कुणी जपानचा, कुणी जर्मनीचा, इथून मी. उत्तरं उदंड होती, तीच पंचाईत. रॅक-२ मध्ये मिप्स प्रोसेसर, रॅक-३ आणि रॅक-४ मध्ये एएमडीचा. मिप्सचं पॅकेज एएमडीवर चालायचा प्रश्नच नाही, तरी लोक नुसतं 'रॅकवर असं करा' लिहून मोकळे व्हायचे. मॉडेल आणि चढवलेले पॅच लिहिल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असा नियम केला. त्यावरून रुसवेफुगवे झाले, होऊ दिले.

खरी कसोटी नोंदीच्या नावाची. जाणकार माणूस कारणाचं नाव देतो. अडलेल्याला कारण माहीत असतं तर तो आमच्याकडे आलाच कशाला असता? रॅक-४ चं ब्राउझरमधलं पॅनेल साइट्सची यादी पोस्टग्रेस या डेटाबेसमधून वाचतं. डिस्क भरून पोस्टग्रेस बंद पडला की यादी कोरी. मध्यरात्री ती कोरी यादी बघून भल्याभल्यांचे हातपाय गळतात आणि ते रिस्टोअरची सीडी शोधायला लागतात. त्या सीडीने डिस्क साफ पुसली जाते. साइट्स मात्र तोवर बिनबोभाट चालू असतात! जर्मन सहकाऱ्याने यावर झकास नोंद लिहिली होती, 'पोस्टग्रेस सेवा सुरू न होणे' या नावाने. ती कुणालाच सापडेना. आम्ही तिचं नाव 'सगळ्या साइट्स गायब' केलं आणि पहिलीच ओळ घातली: आधी तुमची साइट ब्राउझरमध्ये उघडून बघा. त्याखाली ठळक अक्षरांत, रिस्टोअर करू नका. मग जागा तपासणं, फुगलेले लॉग आवरणं, सेवा पुन्हा सुरू करणं. सहकाऱ्याला नाव बाळबोध वाटलं. होतंच.

पुढे सनने रॅक ५५० या नंतरच्या मॉडेलचा कोड खुला केला, त्यातून ब्लूक्वार्ट्झ हे पॅनेल निघालं. तिथे माहिती साठवायची पद्धतच निराळी, त्यामुळे ही लाडकी नोंद तिकडे निरुपयोगी ठरली.

कडाक्याचं भांडण झालं ते पर्लवरून. रॅकचं पॅनेल पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीवर उभं. नवं त्याच जागी बसवलं की पॅनेल कोसळतं. एक अमेरिकन गृहस्थ म्हणायचे, शेल येतं त्याला पॅनेल हवंय कशाला? स्वतःपुरतं त्यांचं बरोबर होतं, पण हा डबा लोकांनी पॅनेलसाठीच तर घेतला होता. शेवटी नवं पर्ल वेगळ्या फोल्डरमध्ये बसवायची कृती वर ठेवली. त्यांचीही कृती ठेवली, 'पॅनेल कायमचं सोडणार असाल तरच' अशा मथळ्याखाली. तो मथळा बदला म्हणून ते बरेच दिवस मागे लागले होते.