गोळा आणि हवा

गमपेस्टचा गोळा दोन हातांत धरून झटकन ओढला तर ‘टक्’ करून तुटला पाहिजे, आणि हळूहळू ओढला तर न तुटता ताणला गेला पाहिजे. साखरेची फुलं करणाऱ्यांची परीक्षा एवढीच. बाकी कटर, साचे, रंग सगळं विकत मिळतं. तयार गमपेस्टही मिळते म्हणा, पण स्वतः मळल्याशिवाय माझ्या बोटांना त्या गोळ्याचा अंदाज येत नाही.

साखर हवा बघून वागते, हे मात्र मला केकच्या नादाने कळलेलं नाही. ते साताऱ्याला आजीच्या शेगडीपाशी कळलं. संक्रांतीच्या आधी ती काटेरी हलवा करायला बसायची. निखारे राखेखाली गेलेले, वर परात, परातीत तीळ. पाकात चमचाभर दूध घालून वर आलेली मळी तिने आधीच काढून टाकलेली असायची. तो पाक चमच्याने जरासा सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचं. एक थर वाळला की पुढचा चमचा. पाक जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. म्हणून घाई नाही, आणि गप्पाही बेताच्याच. काटा धरायला लागला की ती खिडकी उघडायला लावायची, म्हणजे बाहेरची कोरडी थंडी आत येईल. आभाळ आलेलं असलं तर परात माळ्यावरून खालीच यायची नाही. ‘आज काटा यायचा नाही,’ की संपलं. आत्याच्या पहिल्या संक्रांतीला हार, बाजूबंद, वाकी सगळं तिने त्याच हलव्याचं ओवलं होतं.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. तिथल्या हवेत हलव्याच्या वाटेला गेले नाही. मुलीच्या बोरन्हाणाला दुकानातून आणला. फुलांचं वेड लागलं ते ती शाळेत जायला लागल्यावर, दादरच्या एका क्लासमध्ये. तिथे वहीत उतरवून घेतलेलं माप असं: आयसिंग शुगर 900 ग्रॅम, अंड्यातलं पांढरं 125 ग्रॅम, टायलोज पावडर 12 छोटे चमचे, शॉर्टनिंग 4 छोटे चमचे. मळायचं, प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं, रात्रभर फ्रिजमध्ये.

टायलोज म्हणजे सीएमसी, सेल्युलोजपासून केलेला डिंक. आइस्क्रीमच्या वेष्टनावर बारीक अक्षरात 466 हा आकडा दिसतो, तो त्याचाच. त्याच्या आधी हे काम खऱ्याखुऱ्या डिंकावर चालायचं. इराण-तुर्कस्तानाकडच्या काटेरी झुडपांतून निघणारा ट्रॅगाकँथ गुलाबपाण्यात भिजवायचा आणि त्यात साखर मळायची. इंग्लंडात चारशे वर्षांपूर्वी बड्या घरच्या मेजवान्यांना याचीच ताटं, पेले, फळं होत. पाहुण्यांनी जेवून झाल्यावर ताटही खावं, अशी मौज.

सीएमसी पाणी पितो, पण सावकाश. खरी मेख इथे आहे. मळताना गोळा सैल वाटतो, हाताला चिकटतो, म्हणून माणूस साखर घालतच जातो. आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून दगड निघतो. सैल वाटत असतानाच हात आवरायला हवा. मूठभर साखर बाजूला काढून ठेवायची, ती लागलीच तर दुसऱ्या दिवशी. पुरणपोळीची कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ हवी असं आजी म्हणायची. इथेही मी तोच अंदाज धरते. काटकसर म्हणून घरची साखर मिक्सरवर दळून घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, ती वस्त्रगाळ करा. चाळणीतून सुटलेला एक कण पातळ पाकळीला भोक पाडायला पुरतो.

आणि पाकळी पातळ म्हणजे किती? खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत इतकी. खाच असलेल्या पाटावर लाटायची, म्हणजे मधोमध एक उंचवटा राहतो. त्यात 28 नंबरची तार सरकवायची. मग स्पंजावर ठेवून गोल टोकाची काडी कडेवरून फिरवायची, अर्धी पाकळीवर, अर्धी स्पंजावर. गोळा जमलेला असेल तर कड आपणहून लहरते. ओला असेल तर काडीला चिकटून ओढली जाते, कोरडा असेल तर बारीक भेगा पडतात. कटर कितीही महागाचा असो, या घटकेला तो काही कामाचा नाही.

डोंबिवलीत गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न, ‘अंडं नाही ना?’ अंड्याचं पांढरं वाळल्यावर पाकळीला जो ताठपणा देतं, तो नुसत्या पाण्यात येत नाही. मग सीएमसी वाढवायचा. लवचिकपणासाठी थोडं लिक्विड ग्लुकोज घालतात, पण ते हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात मी ते टाळते. जुलैत खणखणीत वाळलेला गुलाब रात्रीतून मान टाकतो. फ्रिजमध्ये ठेवावा तर बाहेर काढल्यावर दव धरतो आणि रंग ओघळतात. बरं की चातुर्मासात लग्नं नसतात. माझ्या वहीत प्रत्येक मापाशेजारी महिना लिहिलेला आहे.

ही महिन्यांची वही कॅलगरीत मात्र निकामी ठरली. मुलगी तिथे असते. नातीच्या पहिल्या संक्रांतीला मी गेले होते. बाहेर बर्फ, आत सतत चालू असलेला हीटर. नेहमीच्या मापाने मळलेल्या गोळ्याची पाकळी कापून स्पंजावर ठेवेपर्यंत तिच्यावर साय धरायची. शॉर्टनिंग वाढवलं, सीएमसी कमी केला, गोळ्यावर ओला पंचा टाकून ठेवला, तेव्हा कुठे काम सरकलं. मग मनात आलं, अशी कोरडी थंडी तर आजीने मागून घेतली असती. मुलीच्या विजेच्या शेगडीवर मंद आच ठेवून तीळ टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा आला, बारीक, पण सगळ्या बाजूंनी. बोरन्हाणाला बोरं काही मिळाली नाहीत. द्राक्षं, चुरमुरे आणि हा हलवा.

फुलं तिथे एका संध्याकाळीत वाळत होती. मुलगी म्हणाली, ‘आई, इथेच राहा आणि इथेच धंदा कर.’ मी म्हटलं, ‘राहायचं नंतर बघू. पुढचं तिकीट जुलैचं काढ. तेव्हा तसंही डोंबिवलीत माझं एक फूल धड उभं राहत नाही.’