रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोटात का दुखतं?

"डॉक्टर, कल्चर निगेटिव्ह, सोनोग्राफी नॉर्मल. मग हे दुखणं माझ्या मनाचं आहे का?" चाळिशीतल्या एका पेशंटने विचारलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "फार विचार करू नका." आज त्या थापेची लाज वाटते.

ओटीपोटात किंवा वृषण आणि गुदद्वाराच्या मधल्या जागेत दुखणं, लघवीला जळजळ, हे तीन महिन्यांहून जास्त चाललं की आपण 'प्रोस्टेटची जुनी सूज' म्हणतो. पण अशा बहुतेक पुरुषांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत.

मला शहाणं केलं ते उंदरांनी. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, अशाच एका रुग्णाकडून मिळालेला ई. कोलाय जंतू दोन वाणांच्या उंदरांना दिला होता. एक 'एनओडी', ज्यांना आपोआप टाइप १ मधुमेह होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दुसरा 'बी६', प्रयोगशाळेतला नेहमीचा काळा उंदीर. एका वाणाचे उंदीर जनुकांच्या बाबतीत जुळ्या भावांसारखे असतात, त्यामुळे तुलना सोपी जाते. उंदीर काही "इथे दुखतंय" सांगत नाही. म्हणून पोटाच्या खालच्या भागाला बारीक तंतू टेकवून तो दचकतो का, हे बघतात.

जंतू दोन्ही वाणांत सारखेच रुजले. सूजही साधारण तेवढीच. दुखलं मात्र फक्त एनओडीला, आणि जंतू निघून गेल्यावरही दुखतच राहिलं! प्रयोग फक्त काळ्या उंदरांवर झाला असता, तर "या जंतूने दुखत नाही" असाच निष्कर्ष निघाला असता.

उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नये, हे खरं. तुमच्या दुखण्याचं जनुक शोधणारी तपासणी कुणी विकत असेल, तर पैसे वाचवा. पण सूज तेवढीच असून एकाला दुखतं आणि दुसऱ्याला नाही, हे शरीरातच घडू शकतं. तिथे मनाला दोष कसा द्यायचा?

पुढच्या भेटीत मी त्याची माफी मागितली. अँटिबायोटिकचा चौथा कोर्स लिहिला नाही. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी आणि गरम पाण्याचा शेक सुरू केला. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण आता तो पुन्हा स्कूटरवर बसून येतो.

तुम्हाला मात्र थंडी वाजून ताप आला, लघवी तुंबली किंवा लघवीतून रक्त गेलं, तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.