दम घ्या, बॉस!

डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की पिक्चर संपला, असं आपल्या सगळ्यांना वाटतं. टाळ्या, पुष्पगुच्छ, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेले इमोजी. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बाबा १८ दिवसांनी हॉस्पिटलमधून घरी आले आणि कळलं, हा तर फक्त इंटर्व्हल!

आमचं घर लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा प्रश्नच नाही. ज्या जिन्यावरून बाबांनी आयुष्यभर गॅसचे सिलिंडर चढवले, तिथे पहिल्याच मजल्यावर ते कठड्याला टेकून उभे राहिले. शेजारच्या काकूंनी खुर्ची आणली, तर म्हणाले, ‘नको हो, सहज थांबलोय.’ दम लागतो यापेक्षा तो लोकांना दिसतो, याचंच त्यांना टेन्शन.

रिपोर्ट तर सुधारले होते. मग दम का? परळच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सोपं करून सांगितलं. न्यूमोनियामुळे फुप्फुसांना आलेली सूज ओसरायला वेळ लागतो. शिवाय इतके दिवस पडून राहिल्यावर मांड्यांचे स्नायू झिजतात आणि अशक्त पाय लवकर दमवतात. म्हणून फुप्फुसांच्या या ट्रेनिंगमध्ये पायांचे व्यायामही भरपूर! खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. नाकाने श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसा, ओठांचा चंबू करून, दुप्पट वेळ लावून सोडायचा. जिना चढताना श्वास सोडत पाऊल उचलायचं. बोटाला ऑक्सिमीटर, कारण हे सगळं मनाने नाही, मोजून करायचं.

पहिल्याच दिवशी ‘सिक्स मिनिट वॉक’ टेस्ट झाली. ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, सहा मिनिटं, जमेल तेवढं चाला. नियम मात्र भारी! मध्ये थांबलात, भिंतीला टेकलात तरी चालेल, घड्याळ तेवढं चालू राहणार. बाबा दोनदा थांबले. ताईंनी मीटर लिहून घेतले आणि म्हणाल्या, ‘छान, काका.’ थांबला म्हणून या टेस्टमध्ये कोणी नापास होत नाही.

परळला हे काम नवीन नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, पोलिओच्या साथीनंतर, केईएममध्येच देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. तेव्हाही व्हायरसने माणसं वाचवून अर्धवट सोडली होती आणि त्यांना पुन्हा चालायला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

आठवड्यातून तीनदा, असे आठ आठवडे गेले. बाबांचे मीटर वाढले. थांबणं पूर्ण गेलं नाही, लपवणं मात्र गेलं. ‘सहज थांबलोय’च्या जागी आता ‘दम घेतोय’ असं सरळ उत्तर मिळतं. ताईंचा सगळ्यात कठीण धडा हाच होता: दम संपायच्या आधी थांबा.

आपल्याला हे कोणी शिकवलेलंच नाही. ९:१२ची फास्ट गाठायची असते. दादरच्या पुलावर समोरचा माणूस रेलिंग धरून थांबला की आपण ‘ओ काका, चला ना!’ म्हणून मोकळे होतो. घरात कोणाला मोठ्या आजारानंतर असाच दम लागत असेल, तर ‘होईल बरं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना फुप्फुसांच्या रिहॅबबद्दल विचारा. आणि पुलावरच्या त्या काकांना खुशाल ओव्हरटेक करा. फक्त हॉर्न वाजवू नका.